सातवी टाकी की आठवी?

डॉ. यशवंत तारी यांना आचऱ्याच्या खाडीकाठच्या रोपवाटिकेतल्या बाराही टाक्यांचा खारटपणा तोंडपाठ होता. तरीही गेल्या दहा दिवसांत त्यांनी चार वेळा चुकीच्या टाकीत पाणी सोडलं होतं. सातव्या टाकीतली खारफुटीची दोनशे कोवळी रोपं न मानवणाऱ्या खारटपणामुळे मेली. हे कोडं त्यांच्या अकरा वर्षांच्या नातीला, शर्वाणीला, काही केल्या सुटत नव्हतं.

इसवी सन २०५१ चा मे महिना होता. सुट्टीसाठी ती आजोबांकडे या रोपवाटिकेच्या केंद्रावर राहायला आली होती. तिथे माणूस एकच, आजोबा. सोबतीला कुर्ली (खेकडी) नावाची सहा पायांची, बोलणारी यंत्र-मदतनीस. पाण्याचे दरवाजे संगणकावरून उघडायचे. पडद्यावरच्या यादीतून टाकी निवडायची आणि ‘पाणी सोडा’ हे बटण दाबायचं, एवढंच काम.

“माझं डोकं आता चालत नाही, शर्वाणी,” आजोबा शांतपणे म्हणाले. “राजीनामा लिहून ठेवलाय. संध्याकाळी पाठवतो.”

“पाचव्या टाकीत मीठ किती?”

“हजार भागांत अठरा.”

“आणि अकराव्या?”

“सत्तावीस. का गं?”

शर्वाणीला प्रश्न पडला. ज्याला एवढं आठवतं, तो टाकी कशी विसरेल? ती त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसली, यादीतली आठवी ओळ तिने स्वतः निवडली आणि विचारलं, “आजोबा, आत्ता कुठली टाकी निवडलेली दिसतेय?”

आजोबा पडद्याशी वाकले. त्यांनी डोळे बारीक केले. “सात... नाही, आठ असावी. सगळ्या ओळी सारख्याच करड्या आहेत की!”

शर्वाणीला मात्र आठवी ओळ फिकट निळी दिसत होती, बाकीच्या करड्या. तिने जवळच पडलेली आपली आकाशी ओढणी पुढे धरली. “हिचा रंग कोणता?”

“राखाडी,” आजोबा म्हणाले.

तिने कुर्लीला हाक मारली आणि आजोबांना निळा का दिसत नाही, ते विचारलं.

“वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडू शकतं,” कुर्लीने सांगितलं. “पिवळ्या काचेतून पाहिल्यासारखं होतं. ती काच निळा प्रकाश अडवते. मग फिकट निळा आणि करडा यांत फरक उरत नाही.”

“पण आजोबा महिन्यापूर्वी चुकत नव्हते!”

“दहा दिवसांपूर्वी संगणकावर नवी थीम (पडद्यावरचे रंग आणि आकार ठरवणारी नियमांची फाइल) आली. आधी निवडलेली ओळ गडद केशरी असायची.”

आजोबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“रंग बदलता येईल?” शर्वाणीने विचारलं.

“हा संगणक लिनक्सवर (कुणालाही आतली मांडणी उघडून वाचता आणि बदलता येते अशा प्रणालीवर) चालतो. येईल,” कुर्ली म्हणाली. “मात्र आधी एक गोष्ट समजून घे. यादी, बटण, चौकट हे सगळे विजेट (पडद्याचे सुटे भाग). त्यांना स्वतःचा रंग नसतो. नाटकाच्या संहितेत फक्त ‘राजा’ असं लिहिलेलं असतं ना? तो कोण करणार, हे वेगळ्या कागदावर ठरतं. नट बदलला तरी संहिता तीच राहते. तसं यादीला फक्त नाव माहीत असतं, ‘निवडलेल्याची पार्श्वभूमी’. त्या नावाचा रंग कोणता, हे ती थीमला विचारते.”

“म्हणजे थीममध्ये एका जागी रंग बदलला, की ते नाव वापरणारे सगळे बदलतील?”

“सगळे. पण मूळ फाइलला हात लावू नकोस. आजोबांच्या घर-फोल्डरमध्ये (वापरणाऱ्याच्या स्वतःच्या जागेत) नवी फाइल कर. ती नंतर वाचली जाते, म्हणून तिचं म्हणणं चालतं. बिघडलं तर ती पुसायची, जुनं परत येतं.”

पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांच्या मिश्रणातून होतो. प्रत्येकाचं प्रमाण शून्य ते दोनशे पंचावन्न. शर्वाणीने निळा शून्य ठेवला, लाल नव्वद, हिरवा पंचेचाळीस. त्यातून गडद तपकिरी रंग झाला. नव्या फाइलमध्ये तशी एक ओळ लिहून तिने संगणकावरचा टाक्यांचा कार्यक्रम (प्रोग्रॅम) बंद करून पुन्हा उघडला.

“आता तर नावच गेलं!” आजोबा म्हणाले. खरंच, गडद पट्टीवरची काळी अक्षरं दिसेनाशी झाली होती. शर्वाणीचा चेहरा उतरला.

“थीममधली नावं जोडीने असतात,” कुर्ली म्हणाली. “पार्श्वभूमी आणि तिच्यावरची अक्षरं. एक गडद केलं, तर दुसरं उजळ करावं लागतं. निळं न दिसणाऱ्या डोळ्यालाही उजेड-अंधारातला फरक कळतो.”

तिने दुसरी ओळ लिहिली. लाल दोनशे पंचावन्न, हिरवा दोनशे पंचेचाळीस, निळा दोनशे वीस. कार्यक्रम पुन्हा उघडला, तशी तपकिरी पट्टीवर सायीच्या रंगाची अक्षरं उमटली. नुसती यादी नव्हे, बटणं आणि तारखांची चौकटसुद्धा एकदम बदलली.

शर्वाणीने दहा वेळा वेगवेगळ्या टाक्या निवडल्या. आजोबांनी खुर्चीला टेकूनच दहा वेळा बरोबर नावं सांगितली.

“पण ती दोनशे रोपं गेली ती गेलीच,” ते म्हणाले. “हे मुख्य कार्यालयाला कळवलं पाहिजे.” त्यांनी राजीनामा पुसला. त्या जागी रोपं का मेली, थीम आल्यावर काय झालं आणि रंग कसे बदलले, हे सगळं लिहिलं. इतर केंद्रांवरही म्हातारी माणसं आहेत, त्यांनी आपापल्या डोळ्यांना जमतील ते रंग निवडावेत, असंही जोडलं. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी दोन दिवसांची रजा मागितली.

“डॉक्टर पिवळं भिंग काढून नवं बसवतात,” शर्वाणी म्हणाली. “मग तुम्हाला निळा दिसेल. तेव्हा हे तपकिरी आवडलं नाही तर?”

“तर दोन ओळी पुन्हा लिहीन,” आजोबा म्हणाले. “या वेळी मी. तू नुसती बस.”

खाडीला भरती लागली होती. त्यांनी आठवी टाकी निवडली आणि बटण दाबलं. बाहेर आठव्या टाकीचा दरवाजा उघडला.