आठ-चाळीसची लाँच

धक्क्यावरच्या यंत्राने त्याचं कार्ड तिसऱ्यांदा नाकारलं, आणि रांगेत मागे कुणीतरी मोठ्ठा सुस्कारा सोडला.

सुस्कारा तिचाच होता. त्याने मागे वळून पाहिलं. दोन्ही हातांत कुंडी, कार्ड दातांत धरलेलं, आणि डोळ्यांत इतका गोंधळ की तिला राग धरताच आला नाही.

"उलटं धरलंय तुम्ही," ती म्हणाली.

"रोप?" तो कार्डासकट पुटपुटला.

"रोप सुलट आहे. अजून तरी."

तिने कार्ड काढून घेतलं, पुसलं, सुलट करून टेकवलं. यंत्र किणकिणलं. तो आत गेला, मागोमाग ती. नदीवर धुकं होतं... आणि लाँचमध्ये नेमकं एकच बाकडं रिकामं होतं.

बस, ट्रॅम, लाँच, भाड्याची सायकल – सगळं एका कार्डावर, महिन्याची वर्गणी एकदाच भरायची, ही तेव्हा मोठी नवलाई होती. ते जमतंय का हे पाहायला परिवहन कार्यालयाने तीन महिन्यांसाठी दोनशे माणसं निवडली होती. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. तो रोपवाटिकेत काम करायचा. दोघंही त्या दोनशेतले निघाले.

"रोपं पोचवायला पलीकडे जाता?" तिने विचारलं.

"हो... म्हणजे, आज."

दुसऱ्या दिवशीही तो होता. मांडीवर कुंडी.

"आज पुन्हा?"

"मागणी फार आहे हो पलीकडे," तो गंभीरपणे म्हणाला.

मग रोजच. सात-पन्नासची ट्रॅम, आठ-चाळीसची लाँच. ती त्याला गिऱ्हाइकांच्या गमती सांगायची – चष्मा कपाळावर ठेवून तो हरवल्याची तक्रार करणाऱ्या आजोबांची. तो हसला की कुंडीतली पानंही हलायची. वारा सुटला की तो न बोलता वाऱ्याच्या बाजूला सरकून बसायचा. बस्स, एवढंच. पण त्या एवढ्याशावर तिचा दिवस निघायचा.

घरी आत्या होती. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"दुकान उघडतं दहाला, आणि तू सहाला आरशासमोर! चष्मे काय पहाटे विकतात?"

"आत्या, ट्रॅमचा भरवसा नसतो गं."

"ट्रॅमचा नसतो की तुझा?" आत्या म्हणाली. "विचार की त्याला, कुठला, कोण. घरात तोंडाचा पट्टा चालतो, आणि बाहेर मूग गिळून बसतेस."

पहिल्या दिवशी दुकानात नवं यंत्र यायचं होतं, म्हणून ती लवकर निघाली होती. पुढचे सगळे दिवस मात्र दुकानाच्या पायरीवर बसून तिने तास तास काढला होता. हे ती कुणाला सांगणार? आणि चाचणी तर संपत आली होती. कार्ड परत करायचं, मग ती लांबच्या पुलावरून बसने जाणार. तो? त्याचं घर कुठे हेही तिला ठाऊक नव्हतं. रोज ती ठरवायची, आज विचारायचंच... आणि रोज धक्का यायचा.

शेवटच्या आठवड्यात दोघांना एकसारखं पत्र आलं. 'आपली दोन कार्डं एकाच व्यक्तीकडे असल्याचा संशय आहे. दोघांनीही चाचणीच्या शेवटच्या दिवशी हजर राहावं. समाधानकारक खुलासा न झाल्यास दोन्ही नावं योजनेतून कायमची वगळली जातील.'

कार्यालयातल्या बाईंनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी मांडले. तो कुंडी घेऊनच आला होता.

"एकसष्ट सकाळी," बाई म्हणाल्या, "दोन्ही कार्डं तीच ट्रॅम, तीच लाँच, त्याच मिनिटाला. यंत्र म्हणतं, माणूस एकच आहे."

"यंत्राचा नंबर वाढलाय," ती म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. "आता दोघं समोर दिसताय. पण रोज तुम्ही दोघंही होतात, हे कशावरून?"

काचेतून उलटी दिसणारी अक्षरं वाचायची तिला सवय होती. टेबलापलीकडून तिने त्याचा कागद वाचला. आठ-चाळीस, लाँच, जाणे. नऊ-पाच, लाँच, परत. खाली पुन्हा तेच. पुन्हा तेच. तिने कुंडीकडे पाहिलं. कडेला टवका उडालेला. काचेवरचा केसाएवढा ओरखडा ओळखणाऱ्या तिला, तीन महिने तो एकाच कुंडीतलं एकच रोप मिरवतोय हे दिसलं नव्हतं!

त्याचे कान तांबडे झाले होते. "बाई... माझी खालची ओळ बघा. या तिकडेच थांबतात, दुकानात. मी लगेच परत येतो. म्हणजे माणसं दोन आहेत."

बाईंनी चष्मा सारखा केला. "अहो, पण तुमची रोपवाटिका तर याच काठाला! मग रोज पलीकडे कशाला?"

त्याने कुंडी घट्ट धरली.

तीन महिन्यांचे मूग तिच्या घशाशी आले. धक्का पुन्हा येणार नव्हता.

"माझीही ओळ बघा," ती म्हणाली. आवाज कापला, पण थांबला नाही. "नऊला उतरते. दुकान दहाला उघडतं. मधला तास मी पायरीवर बसून असते."

त्याने मान वर केली. त्या नजरेत आता गोंधळ अजिबात नव्हता.

बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि पेन उचललं. "प्रवासाचं कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

"सोबत," तो म्हणाला.

"माझंही तेच."

बाईंनी दोनदा लिहिलं, दोनदा शिक्का मारला. "नावं कायम. नवी कार्डं महिन्याने मिळतील. जुनी इथे ठेवा."

बाहेर आल्यावर दोघं पायरीवर थांबले. रोपाला एक कळी आली होती.

"महिनाभर कार्ड नाही," तो म्हणाला. "उद्या... पुलावरून चालत?"

"फार लांब पडतं हो."

"म्हणूनच तर."

तिने त्याच्या हातातून कुंडी घेतली. "मग सहाला निघू," ती म्हणाली. "आत्याला सवय आहे."