नाकापासून ऐकलं

वहिनी डबा घरीच विसरली म्हणून मी तिच्या शाळेत गेले होते. डबा द्यायचा आणि लगेच फिरायचं, असा बेत. पण मैदानाच्या कडेला एक निळी व्हॅन उभी होती, आणि तिच्या मागच्या उघड्या दारातून दोन लांबलचक पाय बाहेर आलेले...

"चल ना रे बाबा, आजच्या दिवस!" आतून कुणीतरी घोगऱ्या आवाजात विनवत होतं.

"कुणाला समजावताय?" मी विचारलं.

पाय दचकले. धुळीनं माखलेला एक हसरा चेहरा बाहेर आला.

"ॲम्प्लिफायरला. चालूच होत नाहीये."

तो बाहुल्यांचे खेळ करायचा. मुलं त्याला बाहुलीदादा म्हणायची. थोड्याच वेळात खेळ सुरू व्हायचा होता. सर्दीनं याचा घसा बसलेला, आणि मैदानभर आवाज पोचवणारा ॲम्प्लिफायर नेमका आजच मुका! खेळ रद्द करायची पाळी आली होती.

"सरका. गाड्यांचं वायरिंग करते मी."

"खरंच?"

"नाही, हौस म्हणून स्कूटरच्या डिकीत मीटर घेऊन फिरते."

तो हसला. हसताना बिचाऱ्याचा आवाजच फुटला नाही.

मी त्याला स्टीरिओ लावायला सांगितला आणि मीटर टेकवला. लाल वायरला बारा व्होल्ट येत होते. स्टीरिओकडून येणाऱ्या, ॲम्प्लिफायरला 'ऊठ' म्हणून सांगणाऱ्या बारक्या वायरलाही. राहिली काळी, अर्थिंगची. ती ज्या बोल्टखाली आवळली होती, तिथं कोरा करकरीत निळा रंग चकाकत होता.

"गाडी कधी रंगवलीत?"

"गेल्या आठवड्यात. छान दिसते ना?"

"छानच. पण रंगातून करंट जात नाही. अर्थिंग मिळत नाही याला."

"म्हणजे चूक माझी?"

"शंभर टक्के."

"नेहमीच इतकं स्पष्ट बोलता?"

"वायरिंगच्या बाबतीत... हो."

"आणि बाकीच्या?"

मी बॅटरीजवळचा फ्यूज काढला, बोल्ट सोडवला आणि पॉलिश पेपरनं रंग घासत राहिले. तो बघतोय, हे मान वर न करताही कळत होतं. पत्रा लखलखल्यावर वायर करकचून आवळली.

"आता मी पुढे फ्यूज बसवते. तुम्ही सीटवर बसून माइकमध्ये बोलत राहा, म्हणजे चालू झाला की कळेल."

"काय बोलू?"

"काहीही."

बॉनेट वर होतं, त्यामुळे त्याला मी दिसत नव्हते. मी फ्यूज दाबला — खट्!

"...नाकावर काळा डाग लागलाय तिच्या," मैदानभर घोगरा आवाज घुमला, "पण सांगितलं तर पुसून टाकेल. आणि इतकी गोड दिसतेय, की बघतच राहावं..."

मुलांचा एकच कल्ला! व्हरांड्यात वहिनीनं तोंडावर हात ठेवला.

तो धडपडत बाहेर आला. कान लालबुंद.

"चालू... झाला?"

"झाला."

"केव्हापासून?"

"नाकापासून."

"बाप रे... माफ करा, मी खरंच—"

"माइक द्या इकडे."

आवडलेली गोष्ट लपवणं मला कधी जमलंच नाही. मग आजच कशाला?

"मुलांनो," मी माइकमध्ये म्हटलं, "बाहुलीदादा आत्ता जे बोलले, ते मला आवडलंय. खेळ झाल्यावर ते मला कॉफी पाजणार आहेत. आता गुपचूप खाली बसा!"

खेळ असा रंगला म्हणता! राजकन्येचे संवाद म्हणताना तो दोनदा चुकला... दोन्ही वेळा माझ्याकडे बघत होता.

संध्याकाळी कॉफीच्या टेबलावर त्याचा उरलासुरला आवाजही गेला होता. तो नुसताच बघत राहिला.

"बोल की काहीतरी," मी म्हटलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंही नाही.

तो पुढे वाकला आणि माझ्या कानाशी, अगदी हळू, काहीतरी पुटपुटला. काय ते मी कुणालाही सांगणार नाही. माझं उत्तर मात्र सांगते — "हो!"

शेजारच्या टेबलावरचे आजोबा वळून बघतील, इतक्या मोठ्यानं.