मेंदीचं नख

रुंजीचं मेंदीचं नख तुटलं. पण तसं काही झालेलंच नाही, असं धरून आपण पुढे जाऊ. रुंजीही तेच करत होती.

तिची आई चंद्रावरच्या तळावर नळ दुरुस्त करायला गेली होती. तिथे पाणी मोजकंच, तरी नळ गळायचे राहत नाहीत. निघताना आईने रुंजीच्या करंगळीच्या नखाला मेंदी लावली. म्हणाली, "कातडीवरची जाईल, नखावरची जात नाही. नखाबरोबर पुढे सरकत राहील. टोकाला पोचली की मी घरी."

मेंदी टोकाला पोचली. आई पोचली नाही. आणखी एक नळ गळत होता.

मग रुंजीने ते नख कापणंच सोडलं. आईची खूण म्हणून येता-जाता साबणाने धुवायची, कोमट पाण्यात बुडवून ठेवायची. एवढे लाड करून नखाचे पापडासारखे पदर सुटायला लागले.

"बाकीच्या नखांकडे मी बघतही नाही, ती धडधाकट," तिने घरच्या यंत्रमानवाला, चिमाजीला, विचारलं. "हेच का असं?"

"तू बघत नाहीस म्हणूनच," भांडी घासता घासता चिमाजी म्हणाला. त्याला नखं नव्हती, पण मतं होती. "नख म्हणजे केराटिनचे (केस आणि शिंगं ज्याची बनतात, त्या प्रथिनाचे) एकमेकांना चिकटलेले पातळ थर. पाण्यात ते फुगतात, सुकले की आकसतात. सारखं तेच झालं की थर सुटतात. वर साबण नखातलं तेल घेऊन जातो."

"मग बरं कर ना."

"टोक निर्जीव असतं गं, ते बरं होत नाही. जिवंत भाग मुळाशी, कातडीखाली. तिथून नवं येतं, ते जप. हात धुतलेस की कोरडे कर, खोबरेल चोळ. नखाने डबे उघडू नकोस. डाळी, उसळी खा. तरी सगळीच नखं तुटत राहिली तर डॉक्टरांना दाखवू, कधी कधी रक्तात लोह कमी असतं. आणि नख आखूड ठेव."

"आखूड ठेवलं तर मेंदी जाईल."

चिमाजीने नळ बंद केला. "मेंदी कालच गेली, रुंजी. टॉवेलात अडकून. तो टॉवेल मी अजून धुतलेला नाही."

रुंजीने करंगळी उजेडात धरली. मेंदीच्या मागून आलेलं, गुलाबी, कोरं नख. आई गेल्यावर उगवलेलं. हे अख्खं नख आईने पाहिलेलंच नव्हतं.

तिने खोबरेलाचा थेंब त्याच्या मुळाशी हळूच चोळला. मग चिमाजीला अर्ज सांगितला:

"मा. चंद्रतळ प्रमुख यांस. अर्जदाराचे नवे नख तयार होत आहे. त्याची पाहणी आईनेच करावी असा नियम नाही, तरी तो करण्यात यावा आणि आईस पुढच्याच यानाने पाठवावे. तोवर गळत्या नळाखाली बादली ठेवावी, ही नम्र विनंती."