दमलेला नवाब

"सरका, सरका! नवाबाच्या जेवणाची वेळ झाली!" बसवराज ओरडला आणि सगळी टोळी काचेच्या बरणीभोवती गोळा झाली.

दुर्गा मात्र दाराशीच उभी राहिली. भवानी पेठेतल्या या टोळीचे बेत आजवर तीच ठरवत आली होती. कुठे जायचं, काय खेळायचं, सगळं दुर्गाला विचारून! आणि आता? मे महिन्याच्या सुट्टीत बसवराजचा मामा मुंबईहून आला, येताना एक मासा घेऊन आला आणि दुर्गाला कुणी विचारीनासं झालं. तिचा सख्खा धाकटा भाऊ बाळू, तोसुद्धा हौदातल्या डासांच्या अळ्या गाळून आणायचा आणि मोठ्या ऐटीत बसवराजच्या हाती द्यायचा!

मासा होताच तसा देखणा. निळाजांभळा, रेशमी पदरासारखे लांब पर.

"फायटर आहे तो!" बसवराज सांगायचा. "दुसरा नर दिसला की तुटून पडतो, म्हणून एकट्यालाच ठेवायचं. पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं हवं. आणि तो वर येऊन हवा घेतो, म्हणून बरणी काठोकाठ भरायची नाही!"

तो रोज हेच सांगायचा आणि टोळीतली प्रभा रोज नव्याने डोळे विस्फारून ऐकायची. दुर्गाचा नुसता जळफळाट व्हायचा.

आज मात्र नवाब अळ्यांकडे बघेना. पर मिटून तो तळाशी पडून होता. रंग उतरला होता, शेपटीच्या कडा फाटल्या होत्या.

"रोज थोडा थोडा खंगतोय," बसवराजचा आवाज कापरा झाला. "सगळं तर नीट करतोय मी!"

"मरू दे!" दुर्गाच्या तोंडून निघून गेलं. "मग तरी आपल्याला खेळायला जाता येईल!"

प्रभा हळूच म्हणाली, "दुर्गे, तूच तर काही केलं नाहीस ना?"

बसवराजने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू आता आमच्याकडे येऊ नकोस," एवढंच म्हणाला.

दुर्गा तडक घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. हेवा केला? हो, केला! तो मासा मरावा असंही मनात आलं होतं. पण बरणीला बोट लावलं नव्हतं! मग कुणी लावलं?

एकदम ती ताठ बसली. "बाळू, बरणीतल्या पाण्यावर लाल धागे तरंगत होते ना?"

"हो की! बसवराज रोज चमच्याने काढतो."

"मास्तरांच्या घरात पुस्तकांशिवाय काय आहे? लाल सूत आलं कुठून?"

बसवराजचे वडील, त्याचे अण्णा, म्हणजे सिद्धलिंगप्पा मास्तर, शाळेत शिकवायचे. पण त्याच घरात त्याचे चनमल्लप्पाकाका राहायचे आणि कोपऱ्यावर त्यांचं चादरींचं दुकान होतं!

दुपारी ऊन रणरणत होतं, घरोघरी माणसं दारं लावून झोपली होती. दुर्गा आणि बाळू मास्तरांच्या जिन्याखाली दबा धरून बसले. थोड्या वेळाने पायऱ्या वाजल्या. चनमल्लप्पाकाका! हातात चपला आणि उपरण्याखाली झाकलेलं काहीतरी!

दोघं लपतछपत मागे गेले. दुकानाशी खेड्यांतून बाजाराला आलेल्या माणसांची गर्दी जमली होती. मधोमध नवाबाची बरणी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना आरसे!

"आवो, ह्ये मासं लई चिडलंय की!" कुंभारी गावचा एक शेतकरी म्हणाला.

"वाघ आहे वाघ!" काका समोरच्या दुकानाकडे तिरकं बघत मोठ्याने म्हणाले. तिथे कोंडीबाचा बोलका पोपट टांगलेला होता आणि त्याच्यापायी सगळी गिऱ्हाइकं तिकडे वळायची. "पोपट काय, नुसता बडबडतो!"

नवाब पर फुलवून इकडच्या काचेवर धडकत होता, वळून तिकडच्या काचेवर धडकत होता. दोन्हीकडे शत्रू! जाणार कुठे बिचारा?

"ताई, तो आरशातल्या स्वतःशीच भांडतोय!" बाळू कुजबुजला.

दुर्गा तशीच बसवराजकडे धावली.

"काका? काहीतरीच काय!" तो उसळला.

"चल आणि बघ!"

दुकानासमोरच्या खांबाआडून त्याने पाहिलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला. "आत्ताच्या आत्ता अण्णांना सांगतो!"

"काका म्हणतील, आजच आणला होता. उद्या सगळ्यांसमोर पकडू. तोवर नवाब माझ्याकडे राहील."

बसवराज घुटमळला. "तुझ्याकडे?"

"पाणी आदल्या दिवशीचं. बरणी काठोकाठ भरायची नाही. मला पाठ आहे सगळं!"

संध्याकाळी तो स्वतः नवाबाला दुसऱ्या बरणीत घालून तिच्या घरी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या नावाखाली बसवराजने आपली बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. काकांनी ती तशीच उचलली. दुकानात आरसे लागले, गर्दी जमली. काकांनी झोकात फडकं ओढलं, झाकण काढलं...

"डराव!"

एक गलेलठ्ठ बेडूक टुणकन उडाला, तो थेट काकांच्या खांद्यावर! तिथून नव्या कोऱ्या चादरींवर!

"आवो शेठ, वाघाचं बेडूक झालं की!" माणसं पोट धरून हसू लागली. कोंडीबा तर समोरच्या पायरीवर बसूनच हसत होता. गर्दी बाजूला सारत मास्तर पुढे आले. त्यांच्यामागे सगळी टोळी!

"चनमल्लप्पा," मास्तर शांतपणे म्हणाले, "आधी ते आरसे काढ."

काकांनी मान खाली घालून आरसे काढले. "गिऱ्हाइकं येतील म्हणून... मुक्या जिवाला त्रास होईल हे डोक्यातच आलं नाही रे बसू."

प्रभाने दुर्गाचा हात धरला. "चुकलं माझं." नवाब बरा होईपर्यंत दुर्गाकडेच राहील असं बसवराजने जाहीर केलं.

आता टोळी दुर्गाच्या घरी जमू लागली! नवाब अळ्या गिळू लागला, रंग परतला. एका सकाळी तिला पाण्यावर बारीक बुडबुड्यांचा पांढरा पुंजका दिसला. नवाबाने फेसाचं घरटं बांधलं होतं!

घरात कुणीच नव्हतं. दुर्गाच्या मनात आलं, नवाब बरा झालाय हे कळलं की बसवराज त्याला घेऊन जाणार आणि सगळे पुन्हा तिकडे जाणार. हाताने फेस मोडून टाकला तर? कोण बघतंय?

तिचा हात बरणीवर क्षणभर थांबला. मग ती अनवाणीच धावत सुटली. "बसवराज! नवाब बरा झाला! ये, घेऊन जा!"

बसवराजबरोबर मास्तरही आले. वाकून बराच वेळ ते फेसाकडे बघत राहिले.

"हा मासा सुखात असला की घरटं बांधतो," ते म्हणाले आणि त्यांनी दुर्गाच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास, पोरी! आमच्या घरात त्याने एकदाही बांधलं नव्हतं."