बाराव्या भोकाचा आकडा

"शेवटचं भोक न पाडताच आकडा लिहून टाकू," असं आत्ता कोण म्हणालं रे? तू ना? ये, असा स्टोव्हजवळ बस. चहा घे आणि आपाकचं ऐक. माझा सख्खा शेजारी. त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलंय.

तोही तुमच्यासारखंच संशोधन केंद्राचं काम करायचा. समुद्र गोठला की बर्फाला बारा भोकं पाडायची, वजन लावलेली फीत सोडून जाडी मोजायची, पाण्यात माइक सोडून सीलचे आवाज भरून आणायचे. आकडे केंद्रातल्या बाईंकडे जायचे, आणि संध्याकाळी गावच्या रेडिओवरही. ते ऐकून शिकारी वाट ठरवायचे.

एका नोव्हेंबरात बोटं बधिर झाली म्हणून आपाकनं बारावं भोक पाडलंच नाही. अकराव्याला चाळीस सेंटिमीटर भरलं होतं, बाराव्यापुढंही त्यानं चाळीसच लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ नातार त्याच वाटेनं सीलच्या शिकारीला निघाला. स्नोमोबाइलसकट खाली गेला. प्रेतसुद्धा मिळालं नाही. शोधायला गेलेल्यांनी भगदाडाच्या कडेची जाडी मोजली, ती सात सेंटिमीटर. बाई म्हणाल्या, "प्रवाहानं रातोरात झिजला असेल बर्फ." आपाकनं नुसती मान हलवली.

नातार पोरगा मोठा गमत्या होता. डावखुरा, त्यामुळं मारलेला सील दोरीनं बांधताना त्याची गाठ उलटी पडायची. आई ती सोडवता सोडवता वैतागायची, "सील बांधतोस की मला छळतोस?"

वर्ष सरलं. आपाकची बायको उलायू बाळंतपणासाठी विमानानं इकालुइटच्या मोठ्या इस्पितळात गेली. इकडे आई त्याच्या मागे लागली. आपल्यात गेलेल्याचं नाव बाळाला दिलं, मग मुलगा असो की मुलगी, की तो त्या बाळात परत येतो ना.

"नातार स्वप्नात येतो रे. पाणी मागतो. त्याचं नाव दे बाळाला. किती दिवस थंडीत ठेवणार माझ्या लेकराला?"

"दुसरं बघू काहीतरी."

"दुसरं? अरे, पाठचा भाऊ तो तुझा! दगड आहेस का?"

आपाक उठून बाहेर गेला. ज्याला आपण मारलं, त्याच्या नावानं रोज हाक कशी मारायची? ते नाव त्याच्या तोंडातून निघतच नव्हतं.

नऊ डिसेंबर. दुपारचे अडीच. दुपार म्हणजे आपली डिसेंबरातली दुपार, काळीकुट्ट. आपाक एकटाच बाराव्या जागेवर. त्यानं भोक पाडलं, मुठीएवढं. माइक सोडला, हेडफोन कानाला लावला. खाली सील बर्फ खरवडत होता. मग तो थांबला.

ठक्.

बर्फ पेलेल का ते बघायला आपण भाल्यानं ठोकतो ना, तसं. पण हे खालून...

ठक्. ठक्.

जवळ. पायाखाली. त्यानं हेडफोन काढला. तरी ऐकू येत होतं.

पळावंसं वाटलं त्याला. पण या वेळी मोजल्याशिवाय हलायचं नाही, असं त्यानं घरूनच ठरवलं होतं. फीत सोडली. ताणली. साठ. लिहिलं.

फीत वर ओढली... येईना.

वजन अडकलं असेल म्हणाल. अडकलेलं वजन झटके देत नाही, बाळांनो. एक झटका. हळूच. लहानपणी भाऊ बाही ओढायचा, तसा. मग नुसतं धरून राहिलं कुणीतरी...

"नातार," आपाक म्हणाला. वर्षात पहिल्यांदा. "मी मोजलंच नव्हतं. चाळीस खोटं होतं."

फीत तशीच ताणलेली...

"बाळाला तुझंच नाव. मी हाक मारीन. रोज मारीन."

फीत सैल झाली.

त्याच संध्याकाळी आपाकनं रेडिओवर सगळ्या गावाला खरं काय ते सांगितलं. आई महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. उलायूला मुलगी झाली, तिचं नाव नातार. आजी तिला "माझा मुलगा" म्हणून कुरवाळते, तेव्हा आपाक अजून उठून बाहेर जातो.

ती फीत केंद्राच्या भिंतीला खिळ्यावर टांगलीय. उद्या निघताना हातात घेऊन बघ. शून्यापासून मोज. सातव्या सेंटिमीटरवर गाठ आहे. उलटी.