श्रीखंडात पडल्याचा आवाज

पहिल्यांदा वाटलं, वरच्या मजल्यावर कोणीतरी पडलं. दुसऱ्यांदा वाटलं, भांडण चाललंय. तिसऱ्यांदा पातेलं गडगडत गेलं, मागोमाग काहीतरी ‘फच्चक’ वाजलं... आणि मी नववीचे पेपर तसेच टाकून जिना चढले.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तो फ्लॅट वर्षभर बंद होता. मी बेल वाजवली. दार एका मुलानं उघडलं — हात कोपरापर्यंत चक्क्यानं माखलेले, गळ्यात हेडफोन, नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका.

“कोणाला लागलंय का?” मी विचारलं.

“नाही. म्हणजे... अजून हवं तसं लागत नाहीये.”

त्याचं नाव मुकुल. सिनेमांतले पावलांचे, पडण्याचे आवाज तयार करायचं काम करायचा. काकांच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये थोडे दिवस राहायला आलेला. बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचा एक छोटा विनोदी सिनेमा त्याच्या हाती आला होता — ‘श्रीखंडाचा सत्यानाश’. लग्नाचं श्रीखंड राखत बसलेला आचारी, आणि एकेक करून त्या घंगाळात पडणारे पाहुणे, एवढीच गोष्ट. संवाद टिकले होते, पण पडण्याआपटण्याचे आवाज पार गेलेले. ते त्याला नव्यानं भरायचे होते. त्याचं हे पहिलंच स्वतंत्र काम, आणि शो इथेच, डोंबिवलीत.

“तुम्ही जरा पडाल का?” त्यानं गादीकडे बोट दाखवलं. “नवरीच्या मावशीसाठी कोणीतरी हलकं हवंय.”

“ही स्तुती समजू का?”

“आधी पडा, मग ठरवू.”

मी पडले. मग रोजच पडायला लागले. शाळेतून आले की पेपर खाली आणि मी वर. त्यानं माझ्या कानांवर हेडफोन ठेवले की त्याची बोटं केसांत क्षणभर अडकायची... आणि पडद्यावर मावशी घंगाळात बुडत असताना मला हसूसुद्धा यायचं नाही. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही.

एका संध्याकाळी तो लॅपटॉपवर वाकला होता. मी त्याच्या डाव्या हाताला बसलेले. दिवसभर पाठ केलेलं वाक्य शेवटी हळूच निसटलं —

“मुकुल... तू मला आवडतोस.”

त्यानं मान वर केली नाही. तोच तुकडा पुन्हा लावला, पुन्हा थांबवला. मी वाट पाहिली. मग चपला घालून खाली आले.

दोन दिवस वर गेले नाही. पेपर तपासताना बेरजा चुकत होत्या. ऐकून न ऐकल्यासारखं केलं त्यानं! निदान ‘नाही’ तरी म्हणायचं... वरून मात्र एकच आवाज येत होता. तेच पातेलं. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. आता हा आवाज चांगला होता, माझ्यासारख्या अडाणीलाही कळत होतं. मग याला पटत का नव्हता? आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पातेल्याऐवजी नुसता जड, बोदा धप्प आवाज आला. त्यानंतर काहीच नाही.

मी अनवाणीच धावले. दार लोटलेलं होतं. मुकुल भिंतीला धरून जमिनीवर बसला होता, चेहरा पांढराफटक.

“फिरतंय सगळं,” तो म्हणाला. “थांबेल आत्ता.”

“मुकुल, काय झालं?”

त्यानं मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला. मी त्याच्याजवळ खाली बसले.

“डावा कान... बंद झालाय. तीन-चार दिवस झाले. वाटलं, मळ असेल. शो झाला की दाखवणार होतो.”

“आवाजाचं काम करणारा माणूस तू! आणि कानाचं शोनंतर?”

“कोणाला कळलं तर काम जाईल, श्रिया.”

माझी हेमांगीमावशी ठाण्यात कोपरीला कानाची डॉक्टर. मी तिला फोन लावला. “आत्ताच्या आत्ता घेऊन ये,” ती म्हणाली. “यात दिवस घालवायचे नसतात गं.” मावशीचा आवाज कधी इतका कोरडा ऐकला नव्हता.

त्याला उभंही राहवत नव्हतं, म्हणून टॅक्सी केली. शीळफाट्याला गाड्या जाम. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, वर एप्रिल महिन्याचं ऊन. त्यानं डोळे मिटून डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मी फोनमध्ये असा अचानक कान जाण्याबद्दल वाचत होते.

“त्या संध्याकाळी तू काही बोललेलीस?” त्यानं अचानक विचारलं. “लॅपटॉपच्या काचेत तुझे ओठ हललेले दिसले. पुन्हा विचारलं असतं, तर कान गेल्याचं तुला कळलं असतं.”

“काही नाही. चहा घेणार का, विचारत होते.”

“चहासाठी एवढी लाल होतेस?”

“गप्प बस. डोकं हलवू नकोस.”

मावशीनं तपासण्या केल्या, औषधं सुरू केली. “पूर्ण येईल, थोडं येईल, किंवा येणारच नाही,” ती त्याला सरळ म्हणाली. “उशीर झालाय, पण फार नाही.” बाहेर बाकावर मुकुल मला उजव्या बाजूला घेऊन बसला. मग म्हणाला, “एक बरंय. त्या काळचा सिनेमा. दोन्ही कानांत सारखाच आवाज. एका कानानंही होईल काम... तू जवळ बसलीस तर.”

मी बसले. कोणता आवाज जास्त झाला, कोणता बुडाला, सांगत गेले. चक्कर थांबली. डाव्या कानात मात्र नुसती दूरची खरखर आली, तेवढीच.

शोच्या दिवशी छोटा हॉल भरला होता. पहिला पाहुणा घंगाळात पडला. कोणी हसलं नाही. दुसरा पडला. शांतता. मुकुलचा हात माझ्या हातात बर्फासारखा. मग नवरीची मावशी पाय घसरून, गिरकी घेऊन, आचाऱ्यासकट आत गेली — फच्चक! — आणि हॉल उसळला.

मुकुल गोंधळून इकडेतिकडे बघायला लागला. एका कानाला दिशा कळत नाही, हे हेमांगीमावशीनं सांगितलेलं. “कुठून हसतायत?” त्यानं विचारलं.

“सगळीकडून, मुकुल.”

त्याचे डोळे भरून आले. तो माझ्याकडे वाकला. बहुतेक त्याला कुजबुजायचं होतं, पण स्वतःचा आवाज किती मोठा लागतोय, त्याला हल्ली कळायचं नाही. आणि नेमका तेव्हाच हशा थांबला होता.

“श्रिया, माझं तुझ्यावर प्रेम आहे!”

सगळ्या माना वळल्या. मागच्या रांगेतून एक आजोबा खेकसले, “अहो बाई, काय ते उत्तर द्या लवकर! पिक्चर चाललाय!”

मी उत्तर दिलं. मोठ्यानंच दिलं.