सव्वाचारचा लॅग

"थांब! रश्मी, अजून नाही!" स्वप्निल ओरडला.

पण रश्मीचं बोट थांबलं तर ना! ठाँय! मोबाइलच्या पडद्यावर गोळी शत्रूच्या टोपीवरून निघून गेली आणि दुसऱ्याच क्षणी रश्मीचाच गडी आडवा पडला.

"लो, गई भैंस पानी में!" नऊ वर्षांचा विपुल टाळ्या पिटत म्हणाला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रश्मी बुऱ्हाणपूरहून दापोऱ्याला पंडितमामांकडे आली होती. स्वप्निल आणि विपुल ही मामांची मुलं. स्वप्निलच्या ऑनलाइन टीमला स्नायपर हवा होता आणि रश्मीला ती जागा काहीही करून हवी होती!

"नेम भारी आहे तुझा," स्वप्निल म्हणाला, "पण दम नाही. स्कोप लाव, श्वास रोख, समोरचा पळत असेल तर जरा पुढे धर. आणि वाट बघ! एक गोळी फुकट गेली की सगळ्यांना तुझा पत्ता लागतो."

"वाट बघण्यातच तर जीव जातो ना यार, दादा!" रश्मीचा गुडघा बसल्या जागीच हलत होता.

नवा डाव सुरू झाला. या वेळी ती थांबली. शत्रू भिंतीमागून डोकावला, बोट बटणावर गेलं आणि पडदा जागच्या जागी गोठला!

"फिर से लॅग!" विपुल किंचाळला. "कालपण सव्वाचारलाच झालं होतं!"

रश्मीनं वर पाहिलं. पंखा मंदावला, पुन्हा फिरला, पुन्हा मंदावला. राउटरचे दिवे विझले होते.

"गेमची चूक नाही," ती उठलीच. "कोणीतरी लाइट खेचतंय. चला गच्चीवर!"

गच्चीवरून मामांची केळीची बाग दिसत होती. बागेपलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये निळ्या ठिणग्या उडत होत्या. तिथे गावचे वेल्डर कौतिकमामा लोखंडी गेट बनवत. शेडमधून निघालेली काळी वायर कुंपणावरून थेट विजेच्या खांबाकडे गेली होती.

"आकडा टाकलाय!" स्वप्निल पुटपुटला. "चोरून वीज घेतायत!"

तेवढ्यात शेजारच्या आशाबाईंची शेळी पाला खायला कुंपणाला टेकली आणि फेकली जाऊन चार हात लांब आपटली! जरा वेळानं ती धडपडत उठली खरी, पण मुलांच्या अंगावर काटा आला. वायर सोलवटली होती. कुंपणाच्या तारेत वीज उतरली होती!

मुलं धावतच पंडितमामांकडे गेली. मामा हसले. "कौतिक असं नाही करायचा. मोबाइल बघून बघून तुमचे डोळे गेले!"

स्वप्निलनं गच्चीवरून काढलेला फोटो दाखवला, पण त्यात नुसती केळीची पानंच आली होती. मग त्यानं लाइनमन अरविंदकाकांना फोन लावला.

"माझी गाडी दिसली की आकडा खाली येतो," काका म्हणाले. "मला रंगे हाथ पकडायचंय."

बेत ठरला. काका आणि स्वप्निल बागेत लपणार. तिथून खांब दिसत नव्हता आणि फोन वाजला तर कौतिकमामा सावध झाले असते. म्हणून रश्मीनं गच्चीवरून मामीच्या आरशानं कवडसा पाडायचा.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. कौतिकमामांनी बांबू हातात घेतला मात्र, रश्मीचा आरसा चमकला! काका धावत बाहेर आले.

"बांबू? केळीला टेकू द्यायला आणलाय, साहेब!" कौतिकमामा गोड हसले.

काका संतापले. घरी मामांनीही चांगलंच झापलं. रश्मीला रात्रभर चैन पडली नाही. सकाळीच तिनं काकांना फोन केला.

"चूक माझी होती, काका. मी घाई केली. एक मौका द्या ना! त्या कुंपणाला उद्या माणूस शिवलं तर?"

काका म्हणाले, "बरं. पण आज शेवटचं!"

पुन्हा चार वाजले. रश्मी कठड्याआड पालथी पडली होती. गच्ची तव्यासारखी तापलेली. कौतिकमामा आले. बांबू उचलला, इकडेतिकडे पाहिलं, परत ठेवला. पाणी प्यायले.

"दे ना इशारा!" विपुल कुजबुजला.

"चूप!" तिची बोटं नुसती शिवशिवत होती. नाकावरून घाम ओघळला, तरी तिनं तो पुसला नाही.

तेवढ्यात पायवाटेवर आशाबाई दिसल्या! शेळी घेऊन त्या कुंपणाकडेच निघाल्या होत्या.

"विपुल, पळ! आजींना वाटेतच अडव. तू कुंपणाजवळ जायचं नाही!"

विपुल सुसाट सुटला. आता गच्चीवर रश्मी एकटी. कौतिकमामांनी बांबू पुन्हा उचलला. आकडा तारेजवळ गेला, घसरला. अजून नाही. पुन्हा वर गेला. अजून नाही! आकडा तारेवर बसला, ते शेडमध्ये गेले आणि निळी ठिणगी उडाली...

लख्ख! आरसा चमकला.

अरविंदकाका वाघासारखे बाहेर पडले. आधी त्यांनी खांबावर लटकणाऱ्या आकड्याचा फोटो काढला, मग हातमोजे घालून लाकडी काठीनं तो उतरवला. कौतिकमामा शेडमधून धावत आले. विपुलनं वाटेतच रोखलेल्या आशाबाई कडाडल्या, "माझी शेळी मेली असती रे! मी मेली असती!"

कौतिकमामांनी मान खाली घातली. "चुकलो, बाई. रीतसर मीटर घेतो."

"दंड भरल्यावर!" काका गरजले. मग गच्चीकडे बघून त्यांनी हात उंचावला. "शाब्बास, पोरी! आमच्या ऑफिसात असे डोळे नाहीत!"

"टीममध्ये तू पक्की!" स्वप्निल खालून ओरडला.

रश्मीनं आता कुठे नाकावरचा घाम पुसला. ती जिन्यावरच बसली. पंडितमामा दोन-दोन पायऱ्या चढत वर आले आणि धोतर आवरून तिच्या शेजारी टेकले.

"तुम्ही सांगितलं, तेव्हा मी नुसतं गच्चीवर यायला हवं होतं," ते म्हणाले. "तुमचे डोळे ठीक आहेत, बेटा. आम्हीच बघत नव्हतो."